बुश वाचवा, व्हॉल्व्ह नवा मिळेल

या महिन्यात आलेली बरीच पत्रं एकाच विषयावरची आहेत: घराच्या माळ्यावरून किंवा जुन्या बाजारातून हाती लागलेली वाफेची छोटी इंजिनं, आणि त्यांच्या बॉयलरवर घट्ट बसलेले, न सुटणारे भाग. माझी उमेदीची वर्षं परळच्या गिरण्यांच्या बॉयलर हाउसात गेली. तिथल्या लँकशायर बॉयलरच्या पोटात माणूस उभा राहत असे, आणि तुमचा बॉयलर तळहातावर मावतो. पण वाफ दोन्हीकडे तीच आहे. म्हणून या पत्रांना नेहमीपेक्षा सविस्तर उत्तरं देतो.

प्रश्न : काका, सासऱ्यांच्या कपाटात मामोडचं वाफेचं इंजिन सापडलं. त्यांचे भाऊ बोटीवर नोकरीला होते, त्यांनी विलायतेहून आणलेलं. बॉयलरवरचा सेफ्टी व्हॉल्व्ह अजिबात हलत नाही. मिस्टरांनी पक्कड लावली, तर नुसते ओरखडे उठले. आमच्या गल्लीतला मेकॅनिक म्हणतो, गॅसच्या टॉर्चने लाल करून देतो, लगेच सुटेल. देऊ का? (एक वाचक, गिरगाव)

ताई, देऊ नका. इंजिन त्याच्याकडे गेलं असेल तर आधी परत आणा, मग पुढचं वाचा.

मामोड ही बर्मिंगहॅमची कंपनी, १९३७ साली सुरू झालेली. तिच्या या इंजिनांचे बॉयलर पातळ पितळी पत्र्याचे आणि जोड सोल्डरचे, म्हणजे कथील-शिशाच्या डागाचे. हा डाग १८३ अंश सेल्सियसला मऊ पडू लागतो. टॉर्चची ज्योत हजार अंशांच्या वर असते. व्हॉल्व्ह सुटेपर्यंत टोकाची झाकणं, वाफेची नळी, बुश, सगळंच सुटून हातात येईल. इंजिन चालताना हा डाग टिकतो तो आतल्या पाण्यामुळे. दीड किलोच्या (म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला दीड किलो) दाबाला आतली वाफ साधारण १२७ अंशांवर असते, आणि पाणी आहे तोवर पत्राही त्याच्या फार वर जात नाही. पाणी संपलं की तोच स्पिरिटचा दिवा डाग वितळवतो. गिरणीच्या बॉयलरला यासाठी मुद्दाम फ्युजिबल प्लग असायचा. पाणी खाली गेलं की तो वितळून वाफ भट्टीत सोडायचा आणि आग दबायची. तुमच्या बॉयलरला तशी सोय नाही.

आता बुश म्हणजे काय ते सांगतो, कारण सगळी गोम तिथे आहे. पातळ पत्र्यात आटे बसत नाहीत. म्हणून भोकात एक जाड पितळी कडं डागाने बसवलेलं असतं आणि त्याच्या आत आटे असतात. व्हॉल्व्ह त्या बुशात फिरतो. तुम्ही व्हॉल्व्हवर जोर लावता तेव्हा तो जोर बुशाच्या डागावर आणि भोवतीच्या पत्र्यावर जातो. व्हॉल्व्ह तुटला तर नवा मिळतो, पण बुश फाटला तर त्या पत्र्याला पुन्हा पूर्वीचं बळ आणणं फार अवघड. तेव्हा काहीही करताना नजर बुशावर ठेवा. बुशासकट पत्रा पिळतोय असं किंचितही वाटलं तर हात थांबवा.

व्हॉल्व्ह का अडकतो? इंजिन चालवून झाल्यावर पाणी आत तसंच राहिलं, व्हॉल्व्ह बंद राहिला, आणि वर्षं गेली. आट्यांत क्षार बसले, हिरवा कळंक चढला, खालचा फायबरचा वॉशर फुगून चिकटला. मुंबईच्या दमट हवेनं उरलेलं काम केलं. हा थर तेलाने आणि तापण्या-गार होण्याने भेगाळतो. ताकदीने नाही.

तेल कोणतं? डब्ल्यूडी-४० घरात असेल तर त्याने सुरुवात करा, पण ते आट्यांत फार खोल जात नाही. अ‍ॅसिटोन आणि गाडीच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल निम्मं-निम्मं घेतलं तर ते जास्त मुरतं. हे तेल मोटारीच्या सुट्या भागांच्या कुठल्याही दुकानात मिळेल. दोन्ही एकजीव राहत नाहीत, म्हणून दर वेळी बाटली हलवून थेंब सोडायचे. अ‍ॅसिटोन रंग खातं आणि इंजिनावरची छापील नक्षीही उतरवतं, तेव्हा थेंब आट्यांपाशीच पडू दे. काम खिडकीशी करा आणि गॅस बंद ठेवा.

एक गोष्ट पुष्कळांना सुचत नाही. बाहेरून तेल सोडलं तर ते वॉशरपाशीच अडतं. तुमच्या इंजिनाची शिट्टी किंवा पाण्याच्या पातळीचा प्लग सुटत असेल, तर त्या भोकातून तेल आत घाला आणि बॉयलर उलटा करून ठेवा, म्हणजे अडकलेला व्हॉल्व्ह तळाशी येईल. आता तेल आतून आट्यांवर उभं राहतं. माझ्या मते निम्मे व्हॉल्व्ह एवढ्यावरच सुटतात. रात्रभर नाही, चांगले काही दिवस ठेवा. घाईचं कारणच नाही, इतकी वर्षं तो तसाच होता.

मग ऊब. बुशही पितळेचा, व्हॉल्व्हही पितळेचा. दोन्ही एकदम तापवले तर दोन्ही सारखेच फुगतात. तेव्हा फरक पाडायला हवा. कापडाची चिंधी उकळत्या पाण्यात बुडवून चिमट्याने बुशाभोवती गुंडाळा आणि वर व्हॉल्व्हच्या डोक्याला बर्फाचा खडा लावा. शंभर अंशांच्या पाण्याने डागाला काही होत नाही. निवलं की पुन्हा तेल, पुन्हा ऊब. गार होताना आट्यांतल्या बारीक फटी तेल आत ओढून घेतात.

पक्कड यापुढे थेट व्हॉल्व्हला लावू नका. व्हॉल्व्हचं डोकं षट्कोनी असेल तर बरोबर मापाचा, आखूड दांड्याचा पाना घ्या. दांडा लांब असला की हाताला जोर कळत नाही. डोकं गोल असेल तर सागाच्या तुकड्यात व्हॉल्व्हच्या मापाचं भोक पाडून तो तुकडा भोकाच्या मधोमध करवतीने चिरा. झाले दोन जबडे. आत थोडी राळेची पूड लावून ते व्हॉल्व्हभोवती पकडीत दाबा. ओरखडे उठत नाहीत आणि पकड घट्ट बसते. बॉयलर वाइसमध्ये धरू नका, पत्रा चेपतो. लाकडात अर्धगोल खाच करून, सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा घालून त्यात तो बसवा आणि दुसऱ्या माणसाला दोन्ही हातांनी धरायला सांगा. पहिला झटका सुटण्याच्या दिशेने देऊ नका, केसभर आवळण्याच्या दिशेने द्या. थर तिथे तडकतो. मग उलट. सुटला तर पुढे-मागे, पुढे-मागे करत बाहेर आणा, एका दमात फिरवू नका.

एवढं करूनही नाहीच सुटला तर व्हॉल्व्ह गमवायची तयारी करा. बुशाच्या वर तो करवतीने कापायचा, मधोमध पंच मारायचा, आणि अडीच, मग चार, मग पाच मिलिमीटर असं ड्रिल चढवत जायचं. जुन्या मामोडचे आटे पाव इंची बीएसएफ (ब्रिटिश मापाचे बारीक आटे), इंचाला २६. त्यांचा गाभा साधारण ५.१ मिलिमीटरचा असतो. म्हणून पाचाच्या पुढे जाऊ नका, नाहीतर बुशाचे आटे जातील. नेहमीच्या धारेचं ड्रिल पितळात खेचलं जातं आणि भोक फाडतं, तेव्हा धार दगडावर किंचित मोडून घ्या. उरलेलं पातळ टरफल टोकदार हत्याराने आत दुमडलं की गळून पडतं. शेवटी त्याच मापाचा टॅप (आटे पाडायचं हत्यार) नुसत्या हाताने फिरवून आटे साफ करायचे. हे काम ज्याचा हात ड्रिलवर बसलेला आहे त्यानेच करावं. भोक वाकडं गेलं तर ते सरळ करता येत नाही.

प्रश्न : चोर बाजारातून विलेस्को या जर्मन कंपनीचं वाफेचं इंजिन घेतलं. शिट्टीच्या जागी आधीच्या मालकाने स्क्रू पिळून तोडलाय, तो बुशाच्या तोंडाशीच तुटलाय. ड्रिल लावलं तर बाजूला घसरतं. काय करू? (डोंबिवलीहून एक इंजिनिअरिंगचा विद्यार्थी)

आधी लोहचुंबक लाव. चिकटला तर स्क्रू लोखंडी आहे, आणि तुझं काम सोपं आहे. ड्रिल घसरतं याचंही कारण तेच: स्क्रू कठीण आणि भोवतीचं पितळ मऊ. पुन्हा ड्रिल लावू नकोस.

वाण्याकडून तुरटी आण. घड्याळजी लोक पितळी प्लेटमध्ये तुटलेला पोलादी स्क्रू काढायला पिढ्यान्‌पिढ्या हीच वापरत आले आहेत. तुरटीचं गरम, दाट पाणी लोखंड हळूहळू खातं आणि पितळेला धक्का लावत नाही. गरम पाण्यात विरघळेल तेवढी तुरटी विरघळव. बुशाभोवती मुलांच्या खेळायच्या चिकणमातीचा बांध घाल आणि त्या तळ्यात हे पाणी सोड. सगळा बॉयलर बुडवू नकोस, डाग उगाच आंबटात कशाला ठेवायचा? आसपासचे लोखंडी भाग आधी काढून ठेव, नाहीतर तेही खाल्ले जातील. पाणी ऊन राहिलं तर काम वेगाने होतं, म्हणून दिवसातून काही वेळा बदलत राहा. स्क्रूवरून बारीक बुडबुडे येतील. तो हायड्रोजन आहे, तेव्हा जवळ दिवा-काडी नको. काळा गाळ जमेल तो जुन्या टूथब्रशने काढत जा, कारण गाळाखाली तुरटी पोचत नाही. काही दिवसांत स्क्रूची माती होते आणि आटे जसेच्या तसे उरतात. मग आतून-बाहेरून स्वच्छ पाण्याने भरपूर धू.

चुंबक चिकटला नाही तर तुकडा बहुधा पितळी आहे, त्याला तुरटी काही करणार नाही. वरच्या उत्तरातली ड्रिलची रीत तिथे लागू पडते, फक्त विलेस्कोचे आटे सहा मिलिमीटरचे, पाऊण मिलिमीटर पिचचे (पिच म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर) असतात. पाचाचं ड्रिल त्याला जवळजवळ शेवटचं समज.

प्रश्न : आमच्या घरच्या गणपतीला या वर्षी रेल्वेचा देखावा आहे. शेजारी मामोडचं खरं इंजिन चालवायचंय. सेफ्टी व्हॉल्व्ह गळका होता म्हणून काढला. नागदेवी स्ट्रीटवर एका दुकानदाराने सहा एमएमचा बोल्ट दिला, तो दोन-तीन आटे छान बसतो. टेफ्लॉन टेप गुंडाळून आरतीपुरतं पंधरा मिनिटं चालवलं तर चालेल ना? (लालबागहून एक वाचक)

नाही चालणार. पंधरा मिनिटं नाही आणि पाचही नाहीत.

तो बोल्ट 'बसतो' कसा, ते ऐका. बाजारातल्या साध्या सहा एमएम बोल्टाचं पिच एक मिलिमीटर. तुमच्या बुशाचे आटे इंचाला २६, म्हणजे पिच साधारण ०.९८. दोन्ही इतके जवळ की बोल्ट हाताने फिरतो आणि बसल्यासारखा वाटतो. पण बुशाचा व्यास ६.३५ आणि बोल्टाचा ६. आटे एकमेकांत पुरते शिरलेलेच नाहीत, नुसते टोकांवर टेकलेत, आणि मधली जागा टेपने भरून तुम्हाला ते दिसत नाही. वाफ त्या बोल्टाला ढकलेल तेव्हा तो निसटायला वेळ लागणार नाही. आणि समोर आरतीला उभी असलेली लहान मुलं आहेत.

त्याहून मोठी गोष्ट म्हणजे, समजा बोल्ट बरोबर मापाचा मिळाला आणि घट्ट बसला, तर ते आणखी वाईट. कुकरची शिट्टी आणि सेफ्टी प्लग दोन्ही बुजवून तुम्ही गॅसवर ठेवाल का? घरचा कुकर साधारण एक किलोच्या दाबावर चालतो. तुमच्या बॉयलरचा दाब दीड किलो धरा आणि टोकाच्या झाकणाचा व्यास चार सेंटिमीटर. त्या एका झाकणावर जवळजवळ १९ किलोचा रेटा येतो, आणि ते झाकण डागाने धरलेलं आहे. व्हॉल्व्ह नसेल तर दाब दीडवर थांबायला कारणच उरत नाही.

गिरणीत बॉयलरचं सर्टिफिकेट फार तर बारा महिन्यांचं असायचं. इन्स्पेक्टर यायचे, बॉयलर उघडा करून दाखवायचा, पाण्याचा दाब देऊन दाखवायचा, तेव्हा कुठे सही व्हायची. १९२३ च्या बॉयलर कायद्यात २००७ साली दुरुस्ती झाली, तिच्यात २५ लिटरपेक्षा लहान भांडं बॉयलर धरलेलंच नव्हतं, आणि त्या कायद्याच्या जागी आलेल्या २०२५ च्या कायद्यातही ते धरलेलं नाही. म्हणजे तुमच्या इंजिनाकडे बाष्पके संचालनालयाचा माणूस येणार नाही. ती जबाबदारी सगळी तुमच्या एकट्याच्या अंगावर आहे, आणि ती तुम्ही गिरणीतल्या इन्स्पेक्टरइतकीच मनापासून घ्यावी अशी माझी विनंती आहे.

मग करायचं काय? मामोडच्या आट्यांचा नवा सेफ्टी व्हॉल्व्ह मागवा. मागवताना आटे स्पष्ट सांगा, कारण विलेस्कोचा व्हॉल्व्ह दिसायला जवळपास तसाच असतो पण त्याचे आटे वेगळे, तो तुमच्या बुशात नीट बसणार नाही. नवा फायबर वॉशर घाला आणि हाताने आवळून वर पान्याचा नुसता हलका स्पर्श द्या. गळती वॉशर थांबवतो, जोर नाही. आणि टेप नको. टेपचा तुकडा सुटून व्हॉल्व्हच्या बैठकीत अडकला तर व्हॉल्व्ह उघडत नाही.

नवा भाग बसवल्यावर वाफ करायच्या आधी पाण्याने दाब तपासा. हवेने कधीही नाही. हवा दाबली जाते आणि फुटताना सगळी एकदम सुटते. पाणी जवळजवळ दाबलंच जात नाही, म्हणून डाग सुटला तर फक्त एक चिळकांडी उडते. व्हॉल्व्हच्या जागी बरोबर आट्यांचा भरीव प्लग घाला (फक्त या तपासणीपुरता), बॉयलर गार पाण्याने काठोकाठ भरा, आत बुडबुडा राहू देऊ नका. प्लंबरकडे भिंतीतले पाइप तपासायचा हातपंप असतो, तो चालतो. फक्त त्यावरचं गेज पन्नास-साठ किलोपर्यंतचं असतं, त्यात दोन-अडीच किलो दिसतही नाहीत. ते काढून लहान, सात किलोपर्यंतचं गेज लावा. जुन्या बॉयलरला चालू दाबाच्या दीडपट पुरे, म्हणजे सव्वादोन किलो. दहा मिनिटं काटा हलू नये, झाकणं फुगू नयेत, डागापाशी ओल दिसू नये. मग प्लग काढून व्हॉल्व्ह बसवा आणि पहिली वाफ मोकळ्या जागेत, मुलांना लांब ठेवून करा. व्हॉल्व्ह स्वतःहून उडताना डोळ्यांनी पाहिल्याशिवाय ते इंजिन कुणाला दाखवू नका.

गणपतीपर्यंत हे सगळं होणार नसेल तर आणखी एक मार्ग आहे. एअरब्रशचा छोटा कॉम्प्रेसर दाबाच्या रेग्युलेटरसकट मिळतो. तुमच्या इंजिनाची वाफेची नळी बॉयलरपासून सुटत असेल तर सिलिकॉनची नळी थेट सिलिंडरला लावा आणि दाब अर्ध्या किलोपर्यंत ठेवा. चाक फिरेल, पिस्टन हलेल, आग नाही आणि वाफही नाही. देखाव्याच्या मांडवात कापड, थर्माकोल, कापूर असतो. माझं स्पष्ट मत विचाराल तर तिथे स्पिरिटचा दिवा नसलेलाच बरा.

प्रश्न : बॉयलरच्या आत पांढरा थर दिसतो. कशाने काढू? पुढे कोणतं पाणी वापरू? (ठाण्याहून एक आजोबा)

लिंबूसत्त्व कोमट पाण्यात, लिटरला दोन-तीन चमचे. अर्धा तास ठेवून हलवा, ओता, पाहा, गरज असेल तर पुन्हा. व्हिनेगरमध्ये दिवसचे दिवस भिजत ठेवायचा सल्ला काही जण देतात, तो ऐकू नका. आम्लात फार वेळ राहिलं की पितळेतलं जस्त निघून जातं आणि मागे ठिसूळ तांबं उरतं. पितळेवर गुलाबी डाग दिसले आणि पुसूनही गेले नाहीत तर तो बॉयलर शोभेसाठी ठेवा, पेटवू नका. तसंच, तेल घालून काही सोडवलं असेल तर आतून भांड्याच्या साबणाच्या गरम पाण्याने धुवा. तेल राहिलं तर पाणी फेसाळून नळीत जातं.

महापालिकेचं तलावाचं पाणी तसं मऊ आहे, पण तुमच्या सोसायटीत टँकर किंवा बोअरचं पाणी येत असेल तर ते अजिबात घालू नका. बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर स्वस्त पडतं. पाऊण भरा, आणि दिव्यात इंधन एवढंच घाला की ते पाण्याच्या आधी संपेल. गरम दिव्यात स्पिरिट ओतू नका, त्याची ज्योत उजेडात दिसत नाही. चालवून झाल्यावर दाब पूर्ण उतरला की बॉयलर कोमट असतानाच व्हॉल्व्ह सैल करा. बंद ठेवलात तर आत निर्वात होऊन तो घट्ट ओढला जातो. पाणी ओता, उरलेल्या उबेवर आतून वाळू द्या, आट्यांना तेलाचं बोट लावा आणि व्हॉल्व्ह हाताने दोन आटे फिरवून तसाच ठेवा.